स्टेअरिंगचा शाफ्ट आणि चार वर्षांपूर्वीचं वेल्डिंग



गेले दहा-बारा दिवस नोंद टाकली नाही. सीताफळाचा तोडा चालू आहे, पावसाची उघडझाप चालू आहे आणि त्यातच आपली पिकअप उभी राहिली. आजची नोंद झाडाची नाही, गाडीची आहे. पण ज्याचा माल स्वतःच्या गाडीतून मार्केटला जातो त्याला गाडी म्हणजे शेताचाच एक तुकडा असतो. म्हणून लिहितोय. यात माझी एक चूक आहे, तीही लपवत नाही.

आपली पिकअप २००९ ची. मी घेतली तेव्हाच ती दुसऱ्या हातातली होती. साधं स्टेअरिंग, पॉवर नाही. इंजिन दोनदा खोललं, पाटे बदलले, हौदा खालून सडला तो पत्रा मारून घेतला. पण गाडी कधी रस्त्यात बसली नाही. हंगामात एक दिवसाआड साठ क्रेट सीताफळ भरून रात्री दीड-दोनला सासवडवरून दिवे घाट उतरायचा, वडकी, हडपसर करत मार्केट यार्डात पोहोचायचं, हा तिचा नेम. साठ क्रेट म्हणजे बाराशे किलो. घाटात उतारावर एवढं वजन मागून ढकलत असतं आणि पुढं फक्त ब्रेक आणि स्टेअरिंग असतं. तीन वर्षांपासून हा फेरा थोरला पोरगा मारतो. मला रात्रीचं आता नीट दिसत नाही.

श्रावण लागला त्या आठवड्यात पोरगा म्हणाला, "नाना, स्टेअरिंगमध्ये टुक टुक होतंय. वळण घेतलं की हाताला बसतंय."

मी म्हटलं, "टायरॉड एंड गेले असतील."

तर ते मागच्याच वर्षी बदललेले. तरी मी म्हटलं तोडा संपू दे, मग बघू. शेतकऱ्याचं हे एक ठरलेलं वाक्य आहे, सगळं तोडा संपल्यावर. चार दिवसांनी पोरगा पहाटे परत आला आणि चहा न पिता म्हणाला, "घाटात सरळ ठेवायची तरी सारखं डाव्या-उजव्या हाताला सावरावं लागतं. मी नाही नेणार परत." एवढं तो कधी बोलत नाही. गाडी उभी केली.

आता खेळ किती आहे ते मोजायची सोपी रीत सांगतो. चाकं सरळ, गाडी बंद, सपाट जागेवर. स्टेअरिंग बोटांनी हलकेच डावीकडं न्यायचं, चाक हलायला लागेल तिथं थांबायचं. तिथं खडूची खूण. मग उजवीकडं तसंच. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे खेळ. आमचा चार बोटं भरला, सात-आठ सेंटीमीटर.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत, त्यातला नियम ९८ स्टेअरिंगचा. त्यात स्टेअरिंगवरचा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नको असं आहे. ३० अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंतचं अंतर. आमचं स्टेअरिंग साधारण ४० सेंटीमीटर रुंद आहे, त्याच्या कडेवर हे अंतर साडेदहा सेंटीमीटरच्या आसपास येतं. म्हणजे बघा, चार बोटं खेळ असूनही आमची गाडी नियमात बसत होती. पासिंगही झालेलं होतं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं, ते मी कधी चुकवलं नाही. पण नियमात बसणं वेगळं आणि घाटात बसणं वेगळं, हे मला या वेळी कळलं.

मंगळवारी मिस्त्री आला. आमच्याकडं गाडीच्या कामाला एकच माणूस, फाट्यावर गॅरेज आहे त्याचं. त्यानं काय केलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. गाडी जॅकवर घेतली नाही. चाकं जमिनीवरच ठेवली. पोराला आत बसवलं आणि म्हणाला, "थोडं थोडं डावं-उजवं हलव, जोर लावू नको." स्वतः बॉनेट उघडून खाली वाकला आणि एकेका जोडावर हात ठेवत गेला. वरचा जोड, मधला सरकता भाग, खालचा जोड, मग स्टेअरिंगची पेटी, मग पुढचे एंड. ज्या जोडाच्या वरचा भाग आधी हलतो आणि खालचा मागून येतो, तो जोड गेलेला. डोळ्याला दिसत नाही पण हाताला कळतं. खालच्या जोडावर त्याचा हात थांबला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टेअरिंगपासून पेटीपर्यंत एकच सरळ दांडा नसतो. मधे एक शाफ्ट असतो, त्याच्या दोन टोकांना क्रॉसचे जोड असतात, म्हणजे दांडा वाकड्या कोनातही फिरतो. शाफ्टच्या मधे एक नळी दुसरीत सरकेल असा भाग असतो. टोकांना आतून बारीक दाते असतात, ते पेटीच्या दांड्यावर बसतात आणि वरून एक बोल्ट आवळलेला असतो. खालचा जोड सायलेन्सरच्या पाईपाजवळ, चिखल उडतो तिथंच. क्रॉसच्या टोपीत सुयांसारखे बारीक रोलर असतात. आमच्यात त्यांचा लाल भुगा झाला होता.

काढायच्या आधी मिस्त्रीनं तीन गोष्टी करायला लावल्या. चाकं एकदम सरळ. स्टेअरिंग दोरीनं सीटला बांधायचं, म्हणजे शाफ्ट सुटल्यावर ते गरगर फिरत नाही आणि मधला बिंदू हरवत नाही. आणि शाफ्ट व पेटीचा दांडा दोन्हींवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ. गंजलेल्या बोल्टवर डिझेल टाकून तासभर ठेवलं. बोल्ट नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो दांड्यावरच्या खाचेतून आडवा जातो. बोल्ट ढिला झाला तरी दांडा निसटू नये म्हणून ती खाच असते.

शाफ्ट निघाला. मिस्त्रीनं फडक्यानं पुसला आणि माझ्यापुढं धरला. काही बोलला नाही.

मधल्या सरकत्या भागावर वेल्डिंगचा गोल वळ होता.

मंडळी, ते वेल्डिंग मीच करून घेतलं होतं. चार वर्षांपूर्वी. तेव्हा मधल्या भागातून खडखड यायची. ऐन तोड्यात होतो. जवळच शेड बांधणारा एक वेल्डर काम करत होता, त्याला म्हटलं दोन टाके मार. त्यानं दोनशे रुपये घेतले, गोल मारून दिलं, खडखड बंद. मी खूश. घरी येऊन सांगितलंही की दोनशे रुपयांत काम केलं. मग विसरून गेलो. पूर्ण विसरलो.

मिस्त्रीनं समजावून सांगितलं तेव्हा पायातलं बळ गेलं. तो मधला भाग सरकता ठेवलेला असतो दोन कारणांनी. एक, केबिन रबरावर बसलेली असते आणि पेटी चासीवर. खड्ड्यात दोन्ही एकमेकांपासून थोडी थोडी हलतात, ती हालचाल तो भाग पोटात घेतो. मी तो जाम केला, म्हणजे ती सगळी ओढाताण क्रॉसवर आली. खालचा जोड म्हणूनच मेला असणार. दुसरं कारण मोठं आहे. समोरून धडक बसली तर नळी नळीत शिरून शाफ्ट आखूड होतो. तो आखूड झाला नाही तर पेटी मागं सरकताना स्टेअरिंग सरळ चालवणाऱ्याच्या छातीवर येतं. मी त्याचा सरळ गज करून ठेवला होता. आणि वेल्डिंगच्या कडेला, नख फिरवलं तर लागेल अशी एक केसाएवढी चीर होती. वेल्डिंग मारलं की शेजारचं लोखंड तापून-निवून ठिसूळ होतं, चीर तिथूनच सुरू होते, असं मिस्त्री म्हणाला.

पोरगा शेजारीच उभा होता. त्यानं एवढंच विचारलं, "म्हणजे तीन वर्षं मी याच्यावरच घाट उतरत होतो का?"

मी काय सांगणार?

आता पुढचा प्रश्न, घालायचं काय. मिस्त्रीसमोर बसून चार पर्याय काढले.

पहिला, नुसता क्रॉस बदलायचा. स्वस्तात स्वस्त. पण आमच्या शाफ्टच्या क्रॉसच्या टोप्या ठोकून पक्क्या केलेल्या, कडी काढून बदलता येतील अशा नाहीत. आणि मधल्या भागाचं वेल्डिंग तर राहतंच. तो बाद.

दुसरा, भंगारातला शाफ्ट. पुण्यात मंगळवार पेठेच्या बाजूला जुना बाजार भरतो, बुधवारी आणि रविवारी. पाच-सहाशेत मिळाला असता.

तिसरा, बाजारातला लोकल माल, अकराशे-बाराशे.

चौथा, कंपनीचा, चासी नंबरवर मागवलेला. साडेतीन हजारांच्या आसपास.

खरं सांगतो, एवढं सगळं ऐकूनही माझं मन तिसऱ्यावरच गेलं. पैशांसाठी नाही, वेळेसाठी. सीताफळाचे डोळे उघडले की ते झाडावर थांबत नाही आणि तोडलं की दोन-तीन दिवसांत पिकून बसतं. पन्नास-साठ क्रेट माल तोडायला आलेला आणि गाडी बिनस्टेअरिंगची अंगणात. लोकल शाफ्ट त्याच दिवशी मिळत होता.

बुधवारी जुना शाफ्ट गोणपाटात गुंडाळून एसटीनं पुण्याला गेलो. जुना तुकडा बरोबर न्या, हे माझं सगळ्यांना सांगणं आहे. फोनमधल्या फोटोवर शाफ्ट घेऊ नका. आधी जुन्या बाजारात गेलो. तिथं दोन शाफ्ट दिसले, दोन्ही आमच्याच गाडीचे म्हणून सांगितले. एक लांबीला बोटभर मोठा निघाला. तो पॉवर स्टेअरिंगच्या गाडीचा होता, पेटी वेगळी म्हणून शाफ्टही वेगळा. दुसरा लांबीला बरोबर. पण मी मधला भाग हातानं ओढून बघितला तर जागचा हलेना. गंजला होता की कोणत्या ठोकलेल्या गाडीतून एकदा आत शिरून अडकला होता, कोण सांगणार? अपघाताच्या गाडीतला शाफ्ट एकदा आपलं काम करून बसलेला असू शकतो. तो परत ठेवला. माझ्यासारखाच दुसरा कोणी उद्या तो घेईल, असंही वाटलं.

तिथून नाना पेठेत. सुट्या भागांची दुकानं सगळी तिथंच. पहिल्या दुकानात लोकल माल काढून दिला. दिसायला चकचकीत, काळा रंग ताजा. मी दाते मोजले. आमच्या जुन्याला ३६. याचेही ३६ भरले. लांबी जुळली. मग जुन्या शाफ्टचं टोक जसं पेटीवर बसत होतं तसं हे बसेल का म्हणून विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "थोडं टाईट वाटलं तर हातोडीनं बसवा, बसून जातं."

हातोडीचं नाव काढलं आणि मी थांबलो. मिस्त्रीनं येताना बजावलं होतं, दाते हातानं सरकत बसले पाहिजेत. ठोकावं लागलं तर माप चुकलं, आणि सैल गेलं तर पहिल्या दिवसापासून खेळ. ठोकलं तर तो मार क्रॉसच्या सुयांवर बसतो, म्हणजे नवा जोड बसवतानाच जुना झाला. शिवाय मधला भाग ओढून बघितला तर दोन्ही अंगाला हलत होता, नवा असूनही.

दुकानाबाहेर येऊन घरी फोन केला. हिला सांगितलं की कंपनीचा घेतला तर शनिवारी येणार, तोपर्यंत भाड्याची गाडी, दोन खेपा, एका खेपेला अठराशे. लोकल घेतला तर आज रात्रीच गाडी चालू. काय करू? ती शेतातच होती, मजुरांबरोबर. म्हणाली, "बागेला डुप्लिकेट औषध चालत नाही तुम्हाला. लेबल वाचता, बिल मागता, दुकानदाराशी भांडता. पोराला चालतंय व्हय?"

हिशेब तिथंच संपला. दुसऱ्या दुकानात चासी नंबर दिला. त्यानं यादीत बघून विचारलं, "पॉवर की साधं?" साधं म्हटलं. आगाऊ पैसे भरले, पक्कं बिल घेतलं. नवे बोल्ट-नटही मागवले. जुने बोल्ट परत वापरू नयेत.

शनिवारी शाफ्ट आला, रविवारी बसवला. बसवतानाच्या चार गोष्टी नोंदवून ठेवतो.

१) जुना आणि नवा शेजारी ठेवून आधी सगळं जुळवलं. लांबी, दोन्ही टोकांचे दाते, मधल्या भागाची सरकण. आणि दोन्ही जोडांचे काटे एकमेकांच्या कोणत्या बाजूला आहेत तेही. सरकता भाग कोणी ओढून वेगळा केला आणि फिरवून चुकीचा बसवला तर स्टेअरिंग एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं. मग लोक पेटी खोलत बसतात.

२) पेटीच्या दांड्यावर ग्रीसचा हात फिरवून शाफ्ट हातानं बसवला. रेघेला रेघ. ३६ दाते म्हणजे एक दाता चुकला की स्टेअरिंग १० अंश वाकडं. आमचं पहिल्यांदा एक दाता चुकलं, काढून परत बसवलं.

३) बोल्ट खाचेतून आरपार गेला का ते बॅटरी मारून बघितलं. बोल्ट आत न जाता बाजूनं आवळला गेला तर वरून सगळं ठीक दिसतं आणि एक दिवस दांडा निसटतो. आवळायला मिस्त्रीनं मोजमापाचा पाना आणला होता, अंदाजावर सोडलं नाही.

४) स्टेअरिंग पूर्ण डावं, पूर्ण उजवं फिरवून शाफ्ट सायलेन्सरच्या पाईपाला किंवा कुठल्या वायरीला घासतो का ते बघितलं. तेच इंजिन चालू करून परत, कारण चालू इंजिन हलतं.

मग आधी रिकामी गाडी शेताच्या रस्त्यावर, मग सासवडपर्यंत, आणि येऊन सगळे बोल्ट परत एकदा तपासले. खेळ एका बोटावर आला. जुन्या पेटीला तेवढा असायचाच, असं मिस्त्री म्हणाला. तो अजून कमी करायला पेटीचा स्क्रू आवळू नका असंही बजावलं. जास्त आवळला तर स्टेअरिंग वळणावरून सरळ व्हायला मागत नाही.

खर्च सांगतो. शाफ्ट आणि बोल्ट तीन हजार पाचशे, मजुरी सहाशे, भाड्याच्या दोन खेपा छत्तीसशे. सात हजार सातशे. भाड्याची गाडी वेळेवर आली नाही म्हणून एका खेपेचा माल उशिरा पोहोचला, भाव पडून मिळाला, तो वेगळाच. चार वर्षांपूर्वी दोनशे रुपयांत काम केलं म्हणून सांगत फिरलो होतो, त्याचं हे उरलेलं बिल.

जुगाडाला मी नावं ठेवत नाही. आपली अर्धी शेती जुगाडावर उभी आहे. ठिबकची नळी फुटली तर सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधतो, पंपाचा वॉशर नसला तर चपलेचा कापतो, आणि त्यात लाज नाही. पण तिथं जुगाड सुटला तर पाणी वाहून जातं, एवढंच. स्टेअरिंग आणि ब्रेकमध्ये जुगाड सुटला तर माणूस जातो. कुठं दोनशे रुपये वाचवायचे आणि कुठं नाही, एवढी एक रेघ मनात ओढलेली पाहिजे. माझी तेव्हा ओढलेली नव्हती.

वेल्डिंगवाला जुना शाफ्ट भंगारात द्यायला काढला होता. मग वाटलं, हाही जुन्या बाजारात जाऊन रंग मारून कोणाच्या तरी गाडीत बसेल. मिस्त्रीकडून ग्राइंडरनं मधोमध कापून घेतला. वेल्डिंगचा तुकडा शेडमध्ये औषधांच्या मांडणीवर ठेवलाय, समोर दिसेल असा.

काल रात्री पोरगा बावन्न क्रेट घेऊन गेला. मी जागाच होतो. तीनच्या सुमाराला फोन आला, "घाट उतरलो नाना, झोपा आता."

तुमची गाडी जुनी असेल तर आज संध्याकाळी एक काम करा. कोणाला तरी आत बसवून स्टेअरिंग हलकं हलवायला सांगा आणि तुम्ही खाली वाकून जोडांवर हात ठेवा. पाच मिनिटं लागतात. तोडा संपायची वाट बघू नका.